बानूचा उजवा कान

दहाव्या दिवशी धुळाजीने बायकोच्या, लग्नाआधीच दोन्ही कान गेलेल्या बानूच्या, उजव्या कानावरची पट्टी सोडली. मुळशीच्या धरणावरच्या साहेबाची चिठ्ठी होती म्हणून पुण्याच्या डॉक्टरने कान कापून बघितला होता. आतलं बारीक हाड धरलं होतं, ते सुटं केलंय, असं तो म्हणाला. ऐकू येईल, कदाचित येणार नाही, कुणाकुणाच्या कानात नुसते आवाज राहतात. तिन्ही गोष्टी त्याने एकाच सुरात सांगितल्या होत्या.

शेजारची गोजराबाई परात आणि पळी घेऊनच आली होती. बानूच्या मागे उभी राहून तिने परात बडवली. बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. बानू भिंतीकडे बघत बसली होती, तशीच बसून राहिली.

"ए बानू, तुझा दादला तिसरी आणतोय गं!" गोजराबाई ओरडली.

बानूची मान वळली नाही.

"ह्याला बी उठली न्हाई, म्हंजी न्हाईच आलं," गोजराबाई म्हणाली आणि परात काखेत मारून गेली.

धुळाजी उंबऱ्यावर बसून राहिला. मेंढरं काटेरी कुंपणाच्या वाडग्यात आली होती. दिवेलागण झाली तशी बानूने चूल पेटवली आणि रोजच्यासारखं गळ्यातल्या टाकाला कुंकू लावलं. टाक चांदीचा, नखाएवढा. त्यावर धुळाजीच्या मेलेल्या पहिल्या बायकोची, अंबाबाईची, मूर्त होती. सवतीचा टाक गळ्यात घातल्याशिवाय दुसरीला घरात घेत नाहीत.

बानू भाकरी थापायला बसली, की धुळाजी तिच्या पाठीमागून अंबाबाईशी बोलायचा. चार वर्षं बोलत होता, आणि मोठ्यानेच. घरात ऐकणारं कुणी नव्हतं.

"न्हाई झालं गं, अंबे," तो म्हणाला. "पुण्याला जाऊन बी न्हाई." मग त्याने रोजचं विचारलं. "त्या दिशी तापात मला हाक मारली व्हतीस का? मी मेंढरांमागं डोंगरावर. मला न्हाई आली ऐकू. मारली व्हतीस का, एवढंच सांग."

बानूचे हात थांबले. तिने मान कलती केली, उजवा कान वर धरला.

"लई बारीक आवाज हाय," ती म्हणाली.

धुळाजी धडपडत तिच्यापाशी गेला. "बानू! आलं ऐकू? माझं आलं?"

ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याने कानाशी तोंड नेऊन हाक मारली. तांब्या जमिनीवर आपटला. तिची पापणी लवली नाही. चुलीकडे बघत ती हुंकार देत होती, बाया एकमेकींचं ऐकताना देतात तसा.

"व्हय, अक्का," ती म्हणाली. "व्हय."

धुळाजीने तिचे खांदे धरले. "काय म्हणतीय ती? बानू, काय म्हणतीय?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"किती येळा मारली हाक?" बानूने हळूच विचारलं. त्याला नव्हे.

मग ती पिठाच्या हाताची पेरं अंगठ्याने मोजू लागली. चारी बोटांची पेरं संपली. तिने दुसरा हात पुढे घेतला.