पान एकशे बारा ते एकशे चौदा

"म्हणून दाखव," ताई तिच्या कानात म्हणाली. "सगळं, पहिल्यापासून. अगं, बघत काय बसलीस? होऊन जाऊ दे!"

टेबलावर डावीकडे तिची उत्तरपत्रिका होती. उजवीकडे मॅडमनी लिहिलेल्या पुस्तकातली तीन पानं. दोन्हींवर पिवळ्या रेघा, सारख्याच ठिकाणी. शब्दाला शब्द, स्वल्पविरामाला स्वल्पविराम.

पलीकडे स्वतः मॅडम, आणि चौकशीला नेमलेले एक चष्मेवाले गृहस्थ. सोबत एकाला आणायची परवानगी होती, म्हणून तिच्याच खोलीत राहणारी ताई आली होती. कॉपी सिद्ध झाली तर विद्यापीठातून नाव कमी. नाव कमी झालं की या देशात राहायची परवानगीही संपली. हे तिला तीनदा समजावून झालं होतं. सावकाश, लहान मुलाला समजावतात तसं.

"परीक्षेला पुस्तक आत नेलं नव्हतं," ती परक्या भाषेत म्हणाली. "पाठ केलं होतं."

"तीन पानं?" चष्मेवाले हसायचे फक्त राहिले.

ती उभी राहिली. तिला उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं. हाताची घडी घातली, डोळे मिटले.

जमिनीत मुरलेलं पाणी किती खोल जाईल हे तिथल्या मातीच्या कणांवर अवलंबून असतं हे कण जितके

"बसून बोललीस तरी चालेल," मॅडम म्हणाल्या.

जितके बारीक तितकी त्यांच्यामधली जागा

ती पुढेमागे झुलत होती. एकशे बारावं पान संपलं, तेव्हा तिने बोट जिभेला लावलं आणि हवेतलं पान उलटलं. ताईने ओठ चावला.

म्हणूनच वाळूपेक्षा चिकणमातीतून पाणी लवकर झिरपतं आणि विहीर

"थांब," मॅडम म्हणाल्या.

विहीर खोदताना याचा विचार करावा लागतो.

वाक्य संपवूनच ती थांबली. मधेच थांबलं की पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागतं.

चष्मेवाल्यांनी पेन खाली ठेवलं. "कॉपी नाही," ते म्हणाले. "हे काय आहे ते मला सांगता यायचं नाही. पण कॉपी नाही."

ताईने टेबलाखाली तिचा हात दाबला. "सुटलीस, बाई! बाबांना फोन लावू? त्यांनीच घोटून घेतलंय ना तुझ्याकडून? जाम खूश होतील."

मॅडम मात्र पानाकडेच बघत होत्या.

"हे शेवटचं वाक्य चुकीचं आहे," त्या म्हणाल्या. "वाळू आणि चिकणमाती उलटी छापली गेली. माझ्या नजरेतून सुटलं. नव्या आवृत्तीत दुरुस्त केलंय. तुझ्याकडेही हीच जुनी असेल."

"हो. ग्रंथालयातली."

"चूक आहे हे तुला माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं, तर नुसतंच अज्ञान ठरलं असतं.

(घरामागे चिकणमातीचा खड्डा. पाऊस थांबून महिना झाला तरी त्यात पाणी. तिची एक चप्पल अजून त्यात आहे. बाजूला बांधकामाची वाळू. तिच्यावर बादली ओतली की पाणी कुठे गेलं कळायचं नाही. तेव्हा ती सात वर्षांची होती.)

"हो."

"मग का लिहिलंस?"

"छापलेलं होतं." मग तिने पुढे जोडलं, "तुमचं पुस्तक आहे, मॅडम."

हे वाक्य तिने चार दिवस जपून ठेवलं होतं. हे ऐकल्यावर मॅडमना बरं वाटेल अशी तिची समजूत होती. मॅडम कानापर्यंत लाल झाल्या. तिची मान खाली गेली, ती वर आलीच नाही.

मॅडमनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "प्रश्न तोच. एक तास आहे. पुस्तकातलं एकही वाक्य नको. पास की नापास ते यावरच ठरेल."

नापास झाली तर काय, ते या वेळी कुणी समजावलं नाही.

सगळे उठले. दाराशी ताई घुटमळली. "सोपं आहे गं. मनाने लिही."

"मनाने लिहिलं की बाबा मार्क कापायचे."

ती हे हसण्यावारी म्हणाली होती. ताई हसली नाही.

"फोन लावू ना त्यांना?"

"नको. सुटले हेसुद्धा सांगू नकोस."

दार बंद झालं. तिने पट्टीने समास आखला. वर मधोमध 'उत्तर' लिहिलं. त्याखाली दोन रेघा मारल्या. वीस मिनिटं गेली. येईल ते वाक्य एकशे बाराव्या पानावरचं निघत होतं. एक बाजूला सारावं तर त्याच्या मागोमाग पुढचं हजर.

मग तिने लिहिलं : चिकणमातीत साचून राहिलेलं पाणी मी पाहिलं आहे.

मी. इतक्या वर्षांत एकाही उत्तरात तिने हा शब्द लिहिला नव्हता. तिचे कान तापले. तिने दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं.

तिने डावा हात आडवा ठेवून ते वाक्य झाकलं, आणि त्या हाताआड, अंग चोरून, दुसरं लिहायला घेतलं.