खुणेच्या फांद्या

इसिडोरने गोठलेल्या तळ्यातल्या भोकावर धरलेला बर्फ पहारीने फोडला, झाऱ्याने चुरा काढला आणि तळ्याचा मान म्हणून चिमूटभर तंबाखू पाण्यात सोडली. पुतणी शेजारच्या भोकाशी घसरगाडीवर बसली होती. तिच्या हातातल्या दांडीवरचा दोर अजून अर्धाही सुटला नव्हता.

"ट्राऊट तळाशी असतो, नोएला. तुझं आमिष नुसतं फिरायला निघाल्यासारखं दिसतंय."

ती हसली नाही. नोव्हेंबरपासून ती हसलीच नव्हती. तेव्हा तिचा बाप एडवार, इसिडोरचा धाकटा भाऊ, दोन बेटांमधल्या अरुंद जागी बर्फाखाली गेला. तिथे खालून प्रवाह आहे, तो बर्फाला आतून खातो. तिसऱ्या दिवशी एडवार सापडला. आता मार्च लागला होता आणि नोएला इतकी वाळली होती, की अंगातला कोट दुसऱ्या कुणाचा वाटावा. शनिवारच्या विमानाने ती दक्षिणेला जाणार होती. परत येणार नाही, असं तिने आईला सांगूनही टाकलं होतं.

आईनेच, अगाथने, सकाळी तिला इथे आणून सोडलं. जायच्या आधी एक दिवस काकांजवळ बस, एवढंच ती म्हणाली. इसिडोरकडे तिने पाहिलं नाही. सगळा हिवाळा ती दोघं एकमेकांची नजर चुकवत होती. इसिडोर दर आठवड्याला आपला सगळ्यात मोठा मासा त्यांच्या उंबऱ्याशी ठेवून यायचा, दार मात्र वाजवायचा नाही.

त्याच्या दोराला ओढ लागली. त्याने घाई न करता हातावर हात टाकत साठ हात दोर वर घेतला. हातभर लांबीचा ट्राऊट बर्फावर येऊन दोनदा आपटला आणि बघता बघता थंडीने ताठ झाला. इसिडोरने तो नोएलाच्या पायाशी सरकवला. डोकं आईला उकडून दे, म्हणाला.

मग नोएला बोलू लागली. त्याच्याकडे न बघता, पाण्याकडे बघत.

पहिला बर्फ धरला की वस्तीतली तरुण मुलं स्प्रूस झाडांच्या फांद्या रोवून वाट आखतात. बर्फ कच्चा असेल तिथे दोन फांद्या एकमेकींवर आडव्या लावतात. फांदी रोवली की बुडाशी पाणी ओतायचं, म्हणजे ते गोठून फांदी घट्ट बसते. या वेळी बेटांमधली जागा नोएलाकडे होती. त्या दिवशी वारा सुटला होता, बोटं काम करत नव्हती, आणि तिला घरी जायची घाई होती. बापाला बाहेर काढलं तेव्हा तिथे एकही फांदी नव्हती.

"मी पाणी कमी ओतलं, काका," ती म्हणाली. "वाऱ्याने नेल्या त्या. तुम्ही कुणाला सांगू नका. आईला माहीत आहे. ती काही म्हणत नाही, पण मला तिच्यासमोर जेवण जात नाही."

इसिडोर बराच वेळ दोर वर-खाली करत राहिला.

"पाणी पुरेसं ओतलं होतंस," तो म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?"

"कारण त्या निघता निघेनात. कुऱ्हाडीने तोडाव्या लागल्या."

नोएलाने मान वर केली.

त्याने तिला सांगितलं. बेटावर मासेमारीसाठी तंबू ठोकलेला, तिथे एक झाड नाही, आणि अंथरायला फांद्या हव्या होत्या. वाट तर बेटाच्या पलीकडून पडली होती. इकडून आता कोण जातंय, असं धरून चाललं. बर्फ पडून खुणा निम्म्या बुजल्या होत्या, त्या आडव्या आहेत हे ध्यानात आलं नाही. एडवार अंधारून येताना जवळच्या वाटेने घरी निघेल, हे डोक्यातही आलं नाही.

"म्हणून ते मासे," नोएला म्हणाली.

त्याने दोर पुन्हा पाण्यात सोडला.

ती उठली. ताठ झालेला ट्राऊट तिने बुटाने त्याच्याकडे लोटला. "आमच्या दारात पुन्हा मासा ठेवलास तर कुत्र्यांपुढे टाकीन." आजवर ती त्याला अहो-जाहो करत आली होती. मग ती किनाऱ्याकडे चालू लागली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिची पाठ सरळ होती.

दुसऱ्या दिवशी वस्तीला सगळं कळलं. इसिडोरच्या आजूबाजूला बसणाऱ्यांनी नवी भोकं पाडली, ती पार लांब. म्हाताऱ्या तेओफिलला तो वीस वर्षं मोसमातला पहिला मासा देत आला होता. तेओफिलने या मोसमातला मासा परत पाठवला नाही, कारण तो खाऊन झाला होता. पण ज्या पातेल्यात शिजवला ते पातेलं पाठवून दिलं, रिकामं.

शनिवारी विमान बर्फावर उतरलं आणि तासाभराने उडालं. त्यानंतर थोड्या वेळाने अगाथ चालत आली. हातात चहाची बाटली होती. तिने एक पेला ओतून त्याच्यासमोर धरला आणि नोएलाच्या जागी बसली.

"गेली?" इसिडोरने विचारलं.

"नाही. लाकडं फोडतेय. काल दोन वाट्या सूप प्यायली." अगाथने बाटलीचं झाकण लावलं. "तुमच्या नावाने एकेक घाव घालतेय."

"घालू दे. लाकडं भरपूर आहेत."

त्याने चहा घेतला. लांबच्या भोकांवरून कुणीतरी त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. अगाथ पाण्यात बघत होती.

"माझ्या तंबूत त्या फांद्या अंथरलेल्या तुम्ही पाहिल्या होत्यात," ती म्हणाली. "तेव्हापासून मी वाट बघत होते, दादा, तुम्ही माझं नाव कधी सांगताय त्याची."