गाळणफडक्याची मूठ

दाता दिलेल्या वस्तूवरचे आपले स्वत्व सोडून देतो, म्हणूनच त्या देण्याला दान म्हणतात. घेणारा मात्र घेताना जो शब्द देतो, त्यातून त्याची सुटका तितक्या सहज होत नाही.

प्रेमकुंवरबाई नवे गाठोडे घेऊन शेडच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा विळ्या-सुऱ्यांच्या मुठी बनवणारा समाधान दाबाचा शिकंजा उघडत होता. दोन फळ्यांमध्ये आवळलेला ठोकळा निघाला. चाळीस पदर कापड, रेझिनच्या चिकट द्रवात भिजवून एकावर एक दाबलेले, आता दगडासारखे एकजीव झालेले.

"समाधानभाऊ, आमच्या फडक्यांचं काय काय झालं, दाखवा तरी."

प्रेमकुंवरबाईंच्या, म्हणजे सोनगीरच्या भिकमचंद शेठजींच्या जैन घरात पाणी दुहेरी जाड फडक्यातून गाळल्यावाचून पीत नसत. गाळून झाले की तेच फडके आडाच्या पाण्यात हलकेच विसळायचे, म्हणजे त्यात अडकलेले जीव आपल्या घरी परत जातात. अशी विरलेली फडकी बाईंनी दिवाळीत समाधानला दिली होती. रेझिन पोटात घेते ते सुती कापडच. टेरिकॉटच्या अंगावरून ते ओघळून जाते. देताना त्या एवढेच म्हणाल्या होत्या, "विळ्याला लावा, भाजीच्या सुरीला लावा. जीव मारायच्या हत्याराला नको." आणि समाधान म्हणाला होता, "शब्द आहे, मांजी."

त्याने विळा पुढे केला. कानशीने घासलेल्या मुठीवर पदरांच्या बारीक पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, नदीकाठच्या वाळूत पाण्याच्या उमटतात तशा. बाईंनी त्यांवरून बोट फिरवले.

"यात सासूबाईंच्या हातची फडकीही असतील," त्या म्हणाल्या. "आणि त्या कागदात काय गुंडाळलंय?"

समाधानने ते गुंडाळलेले आपल्याकडे ओढले. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली आणि वनानानांचा आवाज आत आला. हायवेवरची मटणाची खानावळ त्यांचीच.

"काय रे समाधान, मना सत्तूर तयार व्हयना का नही? लाकडानी मूठ बठ्ठी सडी गयी, तीन डाव बदली. आते तुनावर भरोसा शे!"

नाना आत आले, बाईंना पाहून त्यांनी टोपी सारखी केली आणि ते बाजूला उभे राहिले. कागदातला सत्तूर तसाच त्यांच्या हाती दिला असता, तर कुणालाच काही कळले नसते. कोपऱ्यात जुन्या जीनच्या पॅन्टी पडल्या होत्या. त्यांचीही मूठ झाली असती. फक्त त्या धुवायच्या होत्या, वाळवायच्या होत्या. पांढरे पदर मात्र कापलेले, हाताशी होते. मूठ केली त्या दिवशी त्याने एकदा पॅन्टींकडे पाहिले होते, आणि मग पांढऱ्या पदरांकडे हात नेला होता. ते पाहणे त्याला आता नीट आठवत होते.

त्याने कागद सोडला.

"सत्तूर आहे, मांजी. खानावळीत मटण तोडायचा. मूठ तुमच्या फडक्यांची आहे. दुसरं कापड होतं, मी आळस केला."

बाईंनी साडीच्या पदराचे टोक मुठीत धरले.

"हाई मालूम नव्हतं वो माय माले," वनानाना ओशाळून म्हणाले. "काढी टाक रे मूठ. मी लाकडावर भागाडसू."

समाधानने सत्तूर शिकंज्यात आवळला. पितळी रिव्हेट कापले, पटाशीची धार पात्याच्या आणि मुठीच्या सांध्यात लावली आणि हातोडा मारला. पटाशी उसळली. त्याने पुन्हा मारला. मुठीवर पांढरा ओरखडा उमटला, पण एकही पदर सुटला नाही. तिसऱ्या घावाला पटाशी घसरली आणि त्याच्या अंगठ्याला चाटून गेली. तरी त्याने चौथ्यांदा हातोडा उचलला. काम इतके पक्के केल्याचे दुःख त्याला आयुष्यात पहिल्यांदाच झाले.

"थांबा."

प्रेमकुंवरबाईंनी गाठोड्यातून एक फडके काढले आणि त्याच्या अंगठ्याला गुंडाळले.

"या कापडानं इतकी वर्षं मुंगीलासुद्धा धक्का लागू दिला नाही. तुमचं रक्त कशाला काढायचं त्याच्यापायी? मीही नुसती अट घातली, पुन्हा कधी चौकशीला आले नाही. माझंही चुकलं असेल. मिच्छामि दुक्कडं, भाऊ."

त्याला मान वर करता आली नाही. क्षमा त्याने मागायची, आणि मागितली त्यांनी.

"चाल, येस रे," असे पुटपुटत नाना निघून गेले. जाताना त्यांनी सत्तुराकडे पाहिलेही नाही. बाईही उठल्या. गाठोडे त्यांनी आपल्या हाताने फळीवर ठेवले. या वेळी त्यांनी त्याच्याकडून कसलाही शब्द घेतला नाही.

त्या गेल्यावर समाधानने गाठ सोडली. फडकी धुतलेली, चौघडी घातलेली होती. सर्वांत खालचे अजून ओले होते. त्या सकाळी पाणी गाळून, आडात विसळून, तसेच घेऊन आल्या असाव्यात. बांधलेला अंगठा वर धरून त्याने ते फडके बाहेर तारेवर वाळत घातले आणि त्याच्या सावलीत तो बराच वेळ बसून राहिला.

देणारीचे कल्याण होवो. रिकाम्या हाताने परतलेल्याचेही होवो. आणि ज्या हातांकडून चूक घडली, त्यांची जखम लवकर भरून येवो, पण खूण राहो.