राजधानी पडली तेव्हा

शहराला आग लागली होती आणि आईचं लक्ष भलतीकडेच होतं.

"अगं, शत्रू वेशीच्या आत शिरला! सैनिक उभे कर!" मुलगा खुर्चीमागून ओरडला. पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरं नुसती थयथयाट करत होती. आई मात्र माउस घट्ट धरून एका घोडेस्वाराला डोंगर चढवत होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला होता. तो वर करायलाही तिला सवड नव्हती.

हा खेळ मुलानेच आणला होता. नवाकोरा, नुकताच बाजारात आलेला. लिफ्टदुरुस्तीच्या कामावरची त्याची सगळी दोस्तमंडळी त्यापायी खुळी झाली होती. आधी गाव वसवायचं, गावाचं नगर करायचं, नगराचं साम्राज्य. "घरबसल्या जग जिंकशील बघ," तो सकाळी म्हणाला होता. म्हणताना त्याने आईच्या नजरेला नजर मात्र दिली नव्हती.

कशी देणार? आईची थोरली बहीण दूर समुद्राकाठच्या गावी राहायची. दरवर्षी फोनवर म्हणायची, "ये गं एकदा, दोघी मिळून लाटा बघू." यंदा तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. आता ती कुठे हलेल अशी आशाच नव्हती. म्हणून आईने जायचं ठरवलं, बसची चौकशीसुद्धा केली. तेवढ्यात सुनेची दवाखान्यातली पाळी बदलली आणि छोटीला सांभाळायचा प्रश्न आला. "पुढच्या वर्षी नक्की," मुलगा म्हणाला. पुढचं वर्ष म्हणजे काय चीज असते ते आईला पुरतं ठाऊक होतं. आधी मुलाची परीक्षा आडवी आली होती. मग नवऱ्याचं आजारपण, मग मुलाचं लग्न, मग सुनेचं बाळंतपण. उभी नोकरी तिने टपालखात्यात पत्रं निवडण्यात काढली. ज्या गावांच्या खणांत ती पत्रं टाकायची, त्यातलं एकही गाव तिने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तिला जायचं होतं. फार जायचं होतं. पण ती "बरं" म्हणाली. "बरं" म्हणायची जिभेला सवयच पडली होती.

मग जेवणं झाली, छोटी झोपली आणि मुलाने आईला खुर्चीत बसवलं.

"हे बघ, ही तुझी राजधानी. बाकी सगळा काळोख, कारण तिथे आपलं कुणी गेलेलंच नाही. आधी शेती करायची, मग कोठार, मग भिंत. राजधानी पडली की खेळ खलास. कळलं?"

"आणि हा घोड्यावरचा कोण?"

"तो टेहळणीला. जवळपास एक चक्कर मारायची आणि मुकाट्याने परत आणून उभा करायचा."

आईने घोडेस्वार पुढे सरकवला. काळोख जरासा बाजूला झाला आणि खालून नदी निघाली. "अगंबाई!" आई म्हणाली. आता नदी दिसल्यावर ती जाते कुठे ते बघायला नको? तिने त्याला नदीच्या काठाकाठाने सोडलं. रान लागलं. रानात हरणं होती. रान संपलं तशी पिवळ्या गवताची माळरानं लागली, वाऱ्याने हलणारी. आई खुर्चीत पुढे पुढे सरकत होती. शेती तशीच पडली. भिंतीचा एकही दगड रचला गेला नाही.

मुलाला आधी गंमत वाटली. मग तो वैतागला. "आई, कोठारात खडखडाट झालाय!"

"हो हो, बघते," आई म्हणाली आणि घोडा पुढे हाकला.

पलंगावर कपड्यांच्या घड्या घालणारी सून हसली. "खेळू दे ना रे त्यांना मनासारखं. पेपर तपासायला बसलायस का तू?"

आणि आता तर आगच लागली होती. घरं एकेक करून पेटत होती. मुलगा आईच्या खांद्यावरून वाकला. "ऐक, ही शेवटची चाल. एकच काहीतरी करता येईल. सैनिक उभे केलेस तर अजून वाचशील."

आईने एकवार राजधानीकडे बघितलं. नीट बघितलं. मग तिने घोडेस्वाराला डोंगराच्या माथ्यावर नेलं.

पलीकडचा काळोख एकदम फाकला. निळंच निळं. पडदा संपला तरी पाणी संपेना. आईचा हात माउसवर तसाच राहिला. दुसऱ्याच क्षणी तुतारी वाजली, राजधानी पडली आणि सगळा पडदा काळा झाला.

"घ्या! बुडालं राज्य!" मुलाने कपाळावर हात मारला. "आई, तुला खेळ कळलाच नाही. मी घसा फोडून सांगत होतो, राजधानी पडली की संपलं."

"कळलं होतं रे," आई म्हणाली. "तू पहिल्यांदा सांगितलंस ना, तेव्हाच कळलं होतं."

मुलगा हसायला गेला आणि मध्येच थांबला. आईने चष्मा काढला होता. पदराने ती डोळे पुसत होती, पण चेहरा असा खुलला होता की तसा त्याने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"केवढा होता रे समुद्र," ती म्हणाली.

सुनेच्या हातातली घडी अर्धीच राहिली. मुलगा पुन्हा पडद्याकडे वळला. "पुन्हा मांडू का डाव? या खेपेला राजधानी नीट सांभाळायची हं."

आई उठली. खुर्ची तिने त्याच्याकडे सरकवली.

"या खेपेला तू सांभाळ," ती म्हणाली. "मी उद्या ताईकडे निघाले."