श्वासाची जागा

"लाल उजवीकडची ना?" नवऱ्याने विचारलं.

"लाल उजवी, पांढरी डावी," ती म्हणाली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची मुलगी होती. एवढं तिला झोपेतही सांगता आलं असतं.

ती स्टीअरिंगमागे बसली होती, नवरा शेजारी. बाबांचा कॅसेट डेक दोघांच्या मधे, हँडब्रेकवर तिरपा टेकवलेला. त्याला वीज मिळावी म्हणून घराच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड गाडीपर्यंत ओढला होता. डेकमागच्या लाल आणि पांढरी अशा दोन वायरी पुढे एका बारीक पिनेत एकत्र येत होत्या. ती पिन नवऱ्याने गाडीच्या स्टिरिओत खोचली. एवढ्या खटाटोपाचं कारण साधं होतं. बाबांचा अॅम्प्लिफायर आणि दोन्ही स्पीकर सकाळीच भंगारवाला घेऊन गेला होता. डेक उचलताना तिला आतली बाबांच्या अंगाईची कॅसेट दिसली आणि ती म्हणाली, "हा राहू द्या. संध्याकाळी या."

बाबा जाऊन महिना होत आला होता. ती रडली नव्हती. तिने कपाटं रिकामी केली, भांडी वाटून टाकली. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हतं. आत काही हलतच नव्हतं. अडलं होतं ते एकाच ठिकाणी. झोपताना तिची छोटी मुलगी अंगाई मागायची आणि हिच्या तोंडून पहिला शब्दही फुटत नसे. आता मुलीने मागणंही सोडलं होतं. डेक जाण्याआधी एकदा बाबांच्या आवाजात ती ऐकावी, म्हणजे कदाचित जमेल, असं तिला वाटलं होतं.

अंगाई बाबांचीच. ती पाळण्यात होती तेव्हाच आई गेली आणि निजवायचं काम बाबांकडे आलं. ते एक ओळ म्हणायचे आणि गप्प बसायचे. मग पुढची ओळ, की पुन्हा गप्प. कॅसेटमध्येही तसंच. "मधे का थांबता?" तिने लहानपणी विचारलं होतं.

"तिथे श्वास घ्यायचा असतो," बाबा म्हणाले होते.

तिने ती तशीच पाठ केली, तशीच मुलीला म्हटली. सासूबाई हसायच्या, "तुमच्याकडची अंगाई दमेकरी दिसते!" कॅसेटच्या शेवटी तर बाबा रिकाम्या खोलीत कुणाला तरी दटावतात, "हळू बोल." घरात तो कायमचा विनोद होऊन बसला होता. दुसरा विनोद उजव्या स्पीकरचा. गल्लीभरचे रेडिओ बोलते करणाऱ्या माणसाच्या घरात तो तिच्या आठवणीत कधी वाजला नव्हता.

"स्पीकर बिघडला नव्हताच गं," नवरा म्हणाला. "सकाळी काढताना बघितलं मी. वायर कापून टोकाला टेप गुंडाळलीय. अगदी नीट."

"असेल," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

खरखर. मग बाबा. डाव्या दारातल्या स्पीकरमधून, नवऱ्याच्या गुडघ्यापाशी. पहिली ओळ संपली. तिने सवयीने श्वास घेतला.

उजव्या दारातून, तिच्या बाजूने, एका बाईने दुसरी ओळ म्हटली.

नवऱ्याने पिनेकडे पाहिलं. पिन जागेवर होती. बाबांची तिसरी, बाईची चौथी. पातळ, किंचित सर्दी झालेला आवाज. एका ठिकाणी बाई चुकली, हसली, पुढे गेली. शेवटी म्हणाली, "निजली बघा. मूठ कशी घट्ट धरलीय, सोडतच नाही!"

"हळू बोल," बाबा म्हणाले.

बटण खट्टकन वर आलं. भंगारवाला गेटपाशी येऊन उभा होता. नवऱ्याने त्याला हातानेच परत पाठवलं.

"पुन्हा लावू?"

तिने मान डोलावली. कॅसेट मागे जाईपर्यंत तिने स्टिरिओचा बॅलन्स डावीकडे फिरवला, पार शेवटपर्यंत. आता उजवं दार वाजणार नव्हतं. बाबांनी पहिली ओळ म्हटली आणि ते गप्प झाले.

या वेळी तिने तिथे नुसता श्वास घेतला नाही. दुसरी ओळ तिला आता येत होती.