मिरचीचा नियम

"टाळ्या जास्त झाल्या हं, इस्क्रा! खा मिरची!"

तेयाने ताटलीतली भाजलेली मिरची उचलून इस्क्राच्या नाकासमोर नाचवली. टेबलावरचे सगळे खो खो हसले.

"टाळ्या कसल्या, डास मारत होते मी!"

"नोव्हेंबरात?"

झालं! इस्क्राला मिरची खावीच लागली.

नियम वुकाशिनचा होता. तसा सगळा उद्योगच त्याचा. दर रविवारी पूल ओलांडून डॅन्यूबपलीकडच्या त्या कळकट खानावळीत जेवायला जायचं. चकचकीत झगा घालून बिसेरा नावाची बाई तिथे जुनी रडकी गाणी म्हणायची, ती ऐकायची आणि पोट दुखेपर्यंत हसायचं. थट्टा म्हणून, बरं का! शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या हुशार मुलांनी असली गाणी मनापासून ऐकायची नसतात. ज्याचा चेहरा गंभीर झाला, जो खऱ्या टाळ्या वाजवताना सापडला, त्याने एक अख्खी तिखट मिरची खायची.

इस्क्राची पंचाईत अशी, की तिला ती गाणी आवडायची. वेड्यासारखी आवडायची! आंघोळ करताना तीच, गणिताच्या तासाला वहीच्या मागच्या पानावर तीच. आणि त्यातही कपाटावर पिकत ठेवलेल्या, सफरचंदासारख्या पिवळ्या बिहीच्या फळांचं गाणं. 'घरभर वास सुटलाय, खायला तू नाहीस.' त्या ओळीला बिसेराचा आवाज जरासा फाटायचा आणि इस्क्रा मनातल्या मनात ती ओळ तिच्याबरोबर म्हणायची.

पण हे वुकाशिनसमोर कबूल कोण करणार? तो हसला की अख्खा वर्ग हसायचा. बिहीचं गाणं सुरू झालं की हा पठ्ठ्या कुणी न सांगता दोन-दोन मिरच्या तोंडात कोंबायचा, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना टेबल बडवायचा. "काय रडवते हो ही बाई!"

बिसेराला हे सगळं दिसत होतं. दिसणारच, चार टेबलांची ती खानावळ! पण तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. उलट त्या दिवशी गाणं मध्येच थांबवून ती माइकवरून म्हणाली, "ती खिडकी लावा रे कुणीतरी! ओल्या डोक्याने वाऱ्यात बसतात का? मान धरेल, मग बसाल कण्हत."

वुकाशिन तरणतलावावरून थेट आला होता. त्याने उठून खिडकी लावली आणि लवून मुजरा केला. "जशी आज्ञा, बाईसाहेब!"

"माझी आजी अगदी अशीच," तेया म्हणाली. "वाघाला घाबरावं तशी वाऱ्याला घाबरते. तुझं बरंय बाबा, तुझी आई व्हिएन्नात."

"हो ना," वुकाशिन म्हणाला. "सुटलो."

मग सगळे इस्क्राच्या मागे लागले. "नक्कल! नक्कल!" तिने तेयाची शाल खांद्यावर घेतली, छातीवर हात ठेवला, मान तिरकी केली आणि बिहीची ती ओळ म्हटली. आवाजसुद्धा बरोबर जागेवर फाडला. अशी नक्कल जमायला किती वेळा मनापासून ऐकावं लागतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. टेबल हसून आडवं झालं. बिसेराही हसली. "पोरीला गळा आहे हो," ती म्हणाली, आणि तिनेच टाळ्या वाजवल्या. खऱ्या.

इस्क्राला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सगळ्यांत मोठ्याने वुकाशिन हसला. मग "आलोच हवा खाऊन" म्हणत बाहेर गेला. थोड्या वेळाने इस्क्राही गेली. तो नदीकाठच्या कठड्याला टेकून उभा होता.

"इस्क्रा, एक खरं सांगशील? अगदी खरं. ते बिहीचं गाणं... चांगलं म्हणते ना ती?"

तो हसत नव्हता. पण इस्क्राला हा सापळा माहीत होता. मागच्याच आठवड्यात त्याने वर्गातल्या मिलोशला असंच विचारलं. मिलोश बावळटासारखा "वाईट नाही" म्हणाला, आणि तेयाने त्याला तीन मिरच्या चारल्या.

"वेडा आहेस का?" ती म्हणाली. "मांजरीच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी ओरडते ती."

"हो ना," वुकाशिन म्हणाला.

पुढच्या रविवारपासून त्याने तो उद्योगच बंद केला. कंटाळा आला म्हणाला. मग परीक्षा आल्या, बर्फ पडला, सगळे विसरले. इस्क्रा नाही विसरली. त्या खऱ्या टाळ्या तिच्या कानांत वाजत राहिल्या. एक साधं वाक्य आपल्याला बोलता आलं नाही! कशाला घाबरलो आपण? एका मिरचीला?

फेब्रुवारीत एका सोमवारी वर्गात बाईंनी हजेरीत "मार्यानोव" म्हणून दोनदा हाक मारली. वुकाशिनचं बाक रिकामं होतं. आठवडाभर रिकामंच राहिलं.

"आईकडे गेला असेल," तेया म्हणाली. "मजा आहे लेकाची."

शनिवारी रात्री इस्क्राचं ठरलं. रविवारी दुपारी तिने घरच्या कपाटावरची शेवटची दोन बिहीची फळं खिशात घातली आणि एकटीच पुलावरून निघाली. वाटभर घोकत होती. 'मला तुमचं गाणं आवडतं. मनापासून. पहिल्या दिवसापासून.' न अडखळता म्हणायचं, हसायचं नाही. आणि कुणी बघितलं तर बघू दे!

खानावळीचं दार बंद होतं. दारावर एक कागद डकवला होता, काळ्या चौकटीचा. कुणी गेलं की या गावात दारांवर, झाडांवर, विजेच्या खांबांवर लावतात तसा. फोटोत चकचकीत झगा नव्हता, साधा स्वेटर होता, चष्मा होता. तरी इस्क्राने तिला लगेच ओळखलं. नाव मात्र बिसेरा नव्हतं. 'रादिन्का मार्यानोव. वय एकोणपन्नास. दीर्घ आजारानंतर.'

अशा कागदावर तळाशी शोकाकुल माणसांची नावं असतात. कधी दहा, कधी वीस.

इथे एकच होतं. मुलगा, वुकाशिन.