तिसरी बशी

"नाक जाग्यावर आहे ना, एल्वीना?" पहिली बशी समोर ठेवत अल्सीदनं विचारलं.

"नाकाचं मी बघते. तू बशा सांडू नकोस."

लाल दिव्याखाली कोळंबीचा रंग कळत नव्हता. कळू नये म्हणूनच तो दिवा. बशीवर खाडीचं नाव नाही, नुसता आकडा. समुद्रात तेल सांडून तीन महिने झाले होते. सात हुंगणाऱ्यांपैकी एकानं जरी 'तेल' लिहिलं, तरी ती खाडी मासेमारीला आणखी महिनाभर बंद. सहा जणांचं हुंगून झालं होतं; एल्वीना सातवी.

आजच्या आठ बशांतली एक तिच्या भावाच्या, ओव्हीदच्या खाडीतली होती. "आज उघडली नाही तर बोट विकतो," तो सकाळीच म्हणाला होता. "तिच्यावरचं आईचं नावही पुसून देतो."

एल्वीनाचं नाक जानेवारीच्या तापात गेलं. कॉफी आणि रॉकेल तिला सारखंच. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. अल्सीदचं नाक साऱ्यांत तिखट आणि चेहरा बिनकुलपाचा. बशीत तेल असलं की ती ठेवताना त्याचा श्वास अडायचा. आजवर बावीस वेळा अडला, आणि महिन्याभरानं प्रयोगशाळेनं बावीसही वेळा तेच सांगितलं. तिनं मोजलं होतं. नाक उसनं, पण निकाल खरा.

पहिली बशी. श्वास संथ. 'स्वच्छ.' मग नाक मोकळं करायला कलिंगडाची फोड हुंगायची. तिनं तेवढं नाटक केलं. दुसरी. 'स्वच्छ.'

तिसरी ठेवताना अल्सीदची छाती थांबली.

तिनं बशी नाकाशी धरली. काच हुंगावी तसं. ही ओव्हीदची असली तर? 'स्वच्छ' लिहायला काय लागतं? पण उद्या ही कोळंबी कुणाच्या तरी पोराच्या ताटात पडणार.

तिनं 'तेल' लिहिलं आणि चिठ्ठी पेटीत टाकली. पेटीची किल्ली साहेबांकडे; टाकलेली चिठ्ठी परत निघत नाही.

उरलेल्या पाचही बशांना अल्सीद मजेत श्वास घेत होता. आठांत एक. नेमकी भावाचीच असायला त्याचं नशीब काही इतकं फुटकं नव्हतं.

"सुटलो बुवा!" बाहेर येऊन अल्सीदनं कपाळ पुसलं. "माझं नाक सांगतं, आठही खाड्या उघडतात. एकीलाही वास नव्हता."

एल्वीनाचा हात दाराच्या मुठीवरच राहिला.

"मग तिसऱ्या बशीला तुझा श्वास का अडला?"

"तुला दिसलं होय?" तो ओशाळून हसला. "कुठला आकडा कुणाचा, ती यादी मी चोरून पाहिली होती, बाई. ओव्हीदची होती ती. तू काय लिहितेस म्हणून जीव नुसता टांगणीला लागला होता."